कमरेइतकं कुंपण

१

पुलगाव संपून कपाशीची वावरं जिथे सुरू होतात, तिथे हिरवाई कॉलनी आहे. नाव हिरवाई, पण सुलोचनाबाई थूल बाग समितीच्या अध्यक्ष होईपर्यंत तिथे हिरवं म्हणावं असं एक गेटच होतं, तेही ऑइलपेंटचं. बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, घरी बसून आठवडाभर कंटाळल्या आणि मग कॉलनीच्या मागे लागल्या. वर्षभरात मधल्या मोकळ्या जागेत लॉन आलं, कडेनं फुलझाडं आली, आणि लॉनभोवती व प्रत्येक घरासमोर मेंदीचं कुंपण आलं. त्या पाठोपाठ नियमही आले.

लॉनवर चप्पल घालून जायचं नाही. पुढच्या अंगणात भाजीपाला लावायचा नाही. कुंपणावर कपडे वाळत घालायचे नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम म्हणजे कुंपण कमरेइतकंच ठेवायचं.

या शेवटच्या नियमावर सभा दोन तास चालली होती. हार्डवेअरचं दुकान असलेले नानाजी कलोडे चांगले उंचपुरे. त्यांनी उभं राहून विचारलं, "कमर कोनाची, मॅडम? माह्या कमरेइतकं केलं, तर अनुसयाबाईले अंगणातून रस्ता दिसनार नाई."

"मले रस्ता पाहून काय करायचं हाय?" ठेंगण्या, म्हाताऱ्या अनुसयाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "रस्त्यानं काय राजा चाल्ला?"

शेवटी सुलोचनाबाईंची कंबर प्रमाण धरायची असं ठरलं. त्यांनी स्वतःच्या कमरेशी हात धरून उभं राहून दाखवलं, नानाजींनी टेप लावला आणि नियम मंजूर झाला.

मंजूर झाला एवढंच. रोज सकाळी बाई फेरीला निघत, तेव्हा अनुसयाबाईंच्या फाटकावर वालाचा वेल चढलेला असे आणि गुलाबाच्या वाफ्यात हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, उगवलेला असे. नानाजींच्या कुंपणावर टॉवेल असे. आणि खुद्द बाईंच्या घरासमोर त्यांचे यजमान श्रावणराव दोन्ही कोपरं मेंदीवर टेकून, अर्धे रस्त्यावर ओणवे होऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा हाणत असत. श्रावणरावांची सगळी नोकरी दारूगोळ्याच्या डेपोत गेली होती. तिथे खिशात काडेपेटी सापडली तरी माणसाची खैर नसे. त्यामुळे निवृत्तीनंतर नियम हा शब्द ऐकला की ते हसतच सुटत.

"अहो, मेंदी मोडते," बाई म्हणत.

"हाव हाव, सरकतो," श्रावणराव म्हणत आणि जागचे हलत नसत.

ज्या बाईंच्या नुसत्या चष्म्याला अख्खी शाळा घाबरायची, त्यांना कॉलनीतलं कुत्रंही विचारेना. बाईंना हे फार लागलं होतं. त्या बोलून दाखवत नसत, पण रात्रीच्या जेवणात भाकरी कमी होत चालली होती.

२

कॉलनीच्या टोकाचं घर निकेशचं. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि घराला कुलूप लागलं. त्याच्या पुढच्या अंगणात पावसाळाभर गवत माजलं, मेंदी माणसाच्या डोक्यावर गेली. बाईंनी निकेशला दोनदा फोन केला. तो "बघतो मॅडम" म्हणाला, म्हणजे बघणार नव्हता.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी बाई फेरी मारत टोकाला गेल्या आणि थबकल्या.

मेंदी कापलेली होती. कापलेली म्हणजे कशी, तर वरून पाण्यानं भरलेली परात न्यावी, थेंब सांडू नये, इतकी सपाट. गवत साफ झालेलं. खाली पडलेलं एक पान नाही. बाई कुंपणाला लागून उभ्या राहिल्या. कुंपण बरोबर त्यांच्या कमरेला लागलं.

घराला कुलूप होतंच.

"कोण आहे?" बाईंनी आवाज दिला.

"मांगं आहो, बाई," आतून उत्तर आलं.

आवाज पुरुषाचा होता की बाईचा, लहानाचा की मोठ्याचा, हे त्यांना तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही. पण बोलण्यात अदब होती. शिवाय 'बाई' म्हटलं होतं. कॉलनीत सगळे त्यांना मॅडम म्हणत. बाई म्हणायची ती शाळेतली पोरं.

"निकेशनं ठेवलं का तुला कामाला?"

मागून नुसता कात्रीचा आवाज. कच्. कच्.

"छान केलंस हो काम," सुलोचनाबाई म्हणाल्या. कुणाला तरी छान म्हणायची संधी त्यांना कितीतरी महिन्यांनी मिळाली होती.

कात्री क्षणभर थांबली. "अजून काय करू, बाई?"

३

बाईंना हे विचारणारं कुणीतरी हवंच होतं. त्या रोज टोकापर्यंत जाऊ लागल्या. फाटकाबाहेर उभं राहून सांगायच्या, "त्या कोपऱ्यातलं जास्वंद वाकडं वाढतंय," आणि दुसऱ्या दिवशी जास्वंद सरळ. "पायवाटेच्या कडा नीट दिसत नाहीत," की दुसऱ्या दिवशी पायवाट पट्टीनं आखल्यासारखी. माणूस मात्र कधी दिसला नाही. हाक मारली की "मांगं आहो, बाई." बाईंना त्याचंही कौतुक वाटलं. तोंड दाखवत हिंडण्यापेक्षा काम बरं.

जेवताना त्यांनी हे श्रावणरावांना सांगितलं.

"कोन व्हय तो?"

"विचारलं नाही मी."

"चांगला नोकर भेटला तुले. पगार नाई, तोंड नाई." श्रावणराव हसले. "आपल्या लग्नात मायबापानं तुले असाच नवरा पाहाले पायजे होता."

बाईंनी मनावर घेतलं नाही. त्या दिवशी त्या दीड भाकरी जेवल्या.

एकदा त्यांनी उभ्या उभ्या सगळे नियमच सांगून टाकले. पाठ होतेच. आतली कात्री थांबून ऐकत होती.

"आणि कुंपण कमरेइतकंच. त्याच्या वर जे येईल ते छाटायचं."

"जे येईन ते, बाई?"

"जे येईल ते."

"कोनाचंही?"

"नियम सगळ्यांना सारखा असतो," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर म्हटलं होतं आणि अजून कुणी त्याला हरकत घेतली नव्हती.

परत येताना त्यांनी चांगुलपणानं निकेशला फोन लावला. माणूस चांगला ठेवलास म्हणून सांगितलं.

"मी कुणालाच ठेवलं नाही, मॅडम," निकेश म्हणाला. "कुठे काम करतो तो?"

"मागच्या बाजूला असतो."

"मागं जागाच नाही ना. मी किचन वाढवलं ना मागून, ते थेट कंपाउंडच्या भिंतीला भिडवलं. मागं हात घालायला जागा नाही."

बाईंनी फोन ठेवला. त्या शास्त्र शिकवणाऱ्या होत्या. रस्त्यात उभं राहून त्यांनी विचार केला: भिंतीवरून ध्वनी परावर्तित होतो. समोरून आलेला आवाज मागून आल्यासारखा वाटतो. माणूस बाजूच्या बोळात असणार. घराला बोळ असतोच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम पाहिलं. निकेशच्या घराला बोळ नव्हता.

मग वावरातून येत असेल, त्यांनी ठरवलं, आणि पुढे विचार करायचा नाही असंही ठरवलं. शहाण्या माणसालाही कधीकधी हे दुसरं ठरवावं लागतं.

४

पुढच्या सोमवारी अनुसयाबाई सकाळीच दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात वालाच्या वेलाचं भेंडोळं होतं. शेंगांनी लगडलेलं.

"काऊन वो मॅडम? मी म्हातारी तुमाले एवढी जड झाली?"

फाटकावर चढलेला वेल एका रेषेत कापलेला होता. फाटक उघडताना त्यांच्या हातात नुसता वरचा अर्धा आला.

"मी नाही कापला, अनुसयाबाई."

"मंग कोनं? नियम तं तुमचा हाय!"

सुलोचनाबाई अनुसयाबाईंच्या घरी गेल्या, वाकून वेल पाहिला. काप कोवळ्या काकडीसारखा स्वच्छ होता. कुठे चुरगळा नाही, धागा नाही. बाईंनी उभं राहून पाहिलं. काप त्यांच्या कमरेला होता.

खरं सांगायचं तर तेव्हा त्यांना आत कुठेतरी बरंही वाटलं. चुकीचं होतं, पण वाटलं. कुणीतरी नियम मनावर घेतला होता.

हे बरं वाटणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी नानाजींनी बोलावलं.

नानाजींच्या अंगणात प्लास्टरचे दोन बगळे होते. अमरावतीहून आणलेले, पांढरे, माना वर करून उभे. बगळ्यांबद्दल कोणताही नियम नव्हता. नानाजी त्यांना रोज ओल्या फडक्यानं पुसत. बायको म्हणे, एवढं कधी माह्या तोंडाकडे पाह्यलं नाई.

आता दोन्ही बगळ्यांना माना नव्हत्या. माना खाली गवतात आडव्या पडल्या होत्या, चोची एका दिशेला, नीट लावून ठेवल्यासारख्या. शेजारी नळाला जोडलेला लोखंडी पाइप उभा होता, त्याचंही वरचं टोक गेलं होतं.

"मॅडम, मी हार्डवेअरवाला मानूस आहो," नानाजी हळू आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज एरवी गेटापर्यंत जायचा. "हा जीआय पाइप व्हय. याले कापाले मशीन लागते. मशीन चालली तं सारी कॉलनी उठते. पाहा, कसा कापला." त्यांनी कापावर बोट फिरवलं. "लोन्यासारखा."

बाईंनी बोट फिरवलं नाही. त्या नुसत्या पाइपाजवळ उभ्या राहिल्या, आणि त्यांना पाइपाकडे पाहायची गरज नव्हती. कमरेला गार लोखंड लागलं होतं.

तिथून त्या तडक टोकाच्या घराकडे गेल्या. अंगणात ऊन पडलं होतं. एक पान हलत नव्हतं.

"कोण आहेस तू?"

"मांगं आहो, बाई."

या वेळी बाईंना स्पष्ट जाणवलं की आवाज घराच्या मागून येत नव्हता. तो त्यांच्याच मागून येत होता.

त्या वळल्या नाहीत. घरापर्यंत ताठ मानेनं चालत गेल्या, दार लावलं आणि माठातलं पाणी दोन पेले प्यायल्या.

"झालं काय?" श्रावणरावांनी विचारलं.

"तुम्ही कुंपणाला टेकू नका."

"तो नियम तं जुनाच आहे," श्रावणराव म्हणाले.

५

त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, नानाजी रस्त्यातून हाका मारत आले. बगळ्यांचा फोटो त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता आणि त्याखाली कुणीतरी काहीतरी गमतीचं लिहिलं होतं. ते वाचायला श्रावणराव बाहेर गेले. बाई आत कुकर लावत होत्या. दोन शिट्ट्या झाल्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या आधीच्या शांततेत त्यांना आवाज ऐकू आला.

कच्.

त्या ओसरीत आल्या. श्रावणराव नेहमीप्रमाणे मेंदीवर ओणवे झाले होते. छाती कुंपणावर, हात पलीकडे, मान नानाजींच्या मोबाइलमध्ये. आणि कुंपणाच्या डाव्या टोकाला मेंदीची पानं गळत होती. वारा नव्हता. वरची पानं एकेक करून, सरळ रेषेत, पडत पडत श्रावणरावांच्या दिशेनं येत होती. कच्. कच्. कात्री दिसत नव्हती.

"अहो, सरका!"

"हाव हाव, सरकतो."

"श्रावण!" लग्नानंतर त्यांनी नवऱ्याला प्रथमच नावानं हाक मारली.

"दोन मिनिट व," श्रावणराव मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले.

कच्. पानं आता त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावर होती. बाई पायऱ्या उतरल्या, पदर कठड्यात अडकला, तो फाटला, तशाच पुढे झाल्या. आपण वेळेत पोचत नाही हे त्यांना कळलं.

"थांब! नियम रद्द!" त्या ओरडल्या.

"नियम सगळ्याईले सारखा असते, बाई," मेंदीतून आवाज आला. त्यात उद्धटपणा नव्हता. पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोराचा आवाज होता तो, शाबासकीची वाट पाहणारा. "तुमच्याच कमरेइतकं."

कच्.

आणि तेव्हा सुलोचनाबाईंच्या पोटातून, सगळी नोकरी ज्याच्यावर काढली होती तो आवाज निघाला.

"हाताची घडी! तोंडावर बोट!"

नानाजींचा मोबाइल रस्त्यावर पडला. त्यांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. श्रावणराव ताडकन मागे होऊन सरळ उभे राहिले, त्यांनीही तेच केलं. समोरून सायकलवर दूधवाला चालला होता. तो एक पाय टेकवून थांबला आणि त्यानंही बोट ओठांवर नेलं. कॉलनी चिडीचूप झाली. मग कुकरची तिसरी शिट्टी झाली, तीही जरा दबकतच.

कात्री थांबली होती.

मेंदीत, श्रावणराव टेकून टेकून जिथे खळगा पडला होता, तिथे पानं विरळ होती. त्या फटीतून बाईंना दिसलं. फार नाही. उन्हं कलली होती आणि त्यांचा चष्मा घसरला होता. पण वर्गावर शेवटच्या बाकापर्यंत नजर ठेवायची त्यांना सवय होती, आणि पहिली नजर जायची ती हातांवर.

घडी व्यवस्थित होती. उजवा हात डाव्या काखेत, डावा उजव्या काखेत, दोन्ही पंजे आत गेलेले.

तरीही तोंडावर बोट होतं.

बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा मेंदीच होती.

"काय झालं वं?" श्रावणराव बोटामागून पुटपुटले. त्यांच्या सदऱ्याचा पुढचा घेर खाली गवतात पडला होता. काप स्वच्छ होता. त्यांनी तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही गमतीचं सुचलं नाही.

६

बाईंनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाल्या, गुडघे दुखतात. श्रावणरावांना त्या रात्री सगळं सांगितलं होतं, फक्त बोटाचं सांगितलं नाही. ते सकाळपासून आपण होऊन ओसरीत खुर्ची टाकून बसू लागले, भिंतीला पाठ लावून.

कात्रीचा आवाज बंद झाला. टोकाच्या घराची मेंदी वाढली, गवत पुन्हा माजलं. अनुसयाबाईंनी नवा वेल चढवला. बाई मात्र रोज तिकडे एक चक्कर मारत. काही बोलत नसत. फाटकापाशी उभ्या राहत, आतल्या शांततेकडे कान देत, आणि परत येत. ती शांतता कुणी नसल्याची नव्हती. पस्तीस पोरं एका खोलीत गप्प बसलेली असताना जी असते, ती होती. ऐकलंच होतं ना त्यानं. पोरगं कसंही असो, ऐकलं होतं; आणि बाईंच्या मनात कधीकधी त्याच्याबद्दल जरा हळहळही येई. असं बसवून ठेवलेलं किती वेळ बसायचं?

नवीन अध्यक्ष नानाजी झाले. रविवारी सकाळी मधल्या लॉनवर त्यांनी सभा बोलावली. पोह्यांचा बेत होता. लोक चपला घालून लॉनवर आले आणि बाईंनी बघूनही न बघितल्यासारखं केलं. नानाजींनी दुकानातून कर्ण्यासकट माइक आणला होता. तो ठोकून पाहिला, घसा साफ केला.

"मॅडमनं कॉलनीसाठी लय केलं," ते म्हणाले. "पन आता आपन मोकळं व्हाचं. कोनाले वाल लावाचा, लावा. टॉवेल टाकाचा, टाका. आजपासून सगळ्या नियमाईले—"

बाईंना पुढचा शब्द कळला. त्या खुर्चीतून उठल्या. "नानाजी, नका!"

"—सुट्टी!"

तो शब्द कर्ण्यातून निघाला आणि कॉलनीभर घुमून टोकाच्या घरावरून परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनुसयाबाईंनी तर दोन्ही हात वर करून वाजवल्या. टाळ्यांच्या खाली दूर कुठेतरी एक फाटक आपटलं, आणि शाळा सुटल्यावर येतो तसा, धावत्या अनवाणी पायांचा आवाज रस्त्यानं जवळ येऊ लागला. कुणाचं लक्ष नव्हतं. आवाज लॉनच्या कडेच्या मेंदीपर्यंत आला आणि मेंदीमागे थांबला.

सुलोचनाबाईंनी श्रावणरावांचा दंड धरला.

"खाली बसा!" त्या त्याच जुन्या आवाजात ओरडल्या. "सगळे खाली बसा!"

सगळी सभा मटकन खाली बसली. अनुसयाबाई बसल्या, नानाजी माइकसकट बसले, पोहे वाढणारा हातात झारा घेऊन गवतातच बसला.

फक्त मेंदीमागे कोणीतरी उभं राहू लागलं. ते कमरेच्या वर आलं, माणसाच्या उंचीच्या वर आलं, आणि तरी त्याचं उभं राहणं काही संपेना.